पनामा टोपी आणि खान्देशातला उन्हाळा: प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२४, अमळनेर

साहित्य संमेलनाचा शेवटचा दिवस. पुस्तकं घेऊन बाहेर पडलो तर रस्त्याला एका हातगाडीवर टोप्यांचा ढीग आणि गाडीवाल्याचा ‘पनामा, पनामा’ असा पुकारा. दोनशे सांगितले, दीडशेत दिली. खरी पनामा इक्वेडोरमध्ये तोकिया नावाच्या काडीची हातानं विणतात. ही तशी नाही हे हातात घेतल्याबरोबर कळलं, पण नमुना म्हणून मला तशीच एक हवी होती. घरी आल्यावर बायको म्हणाली, "दीडशेची टोपी तुम्हालाच घातली की त्यानं!"

रात्री काचेखाली धरली. सगळ्या पट्ट्या एका रुंदीच्या, एका रंगाच्या. कुठे एखादी काडी जाड नाही, गडद नाही. ओलं बोट चोळलं तर पट्टीची कड फुगून लव निघाली, म्हणजे पिळलेला कागद. त्याची आधी लांब वेणी केली आहे आणि ती माथ्यापासून गोल गोल फिरवत मशिनवर शिवली आहे, दोरा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. कागदी टोपी टाकाऊ असते असं माझं म्हणणं नाही. ‘शांटुंग’ नावानं मिळणाऱ्या चांगल्या टोप्याही कागदाच्याच असतात आणि उन्हात बऱ्या पडतात. फक्त तिला पनामाचा भाव मोजू नये.

१८ फेब्रुवारी, चोपडा

भाचा सुटीवर आला. तो केळी वाहणाऱ्या शीत जहाजावर आहे, इक्वेडोरच्या ग्वायाकिल बंदरात त्याची ये-जा असते. इक्वेडोर म्हणजे जगातला सगळ्यात मोठा केळी निर्यातदार देश, आणि माल कॅव्हेंडिश गटातला, आमच्या बागेतल्या जी-नाइन वाणाच्याच घराण्यातला. त्याला दोन टोप्या आणायला सांगितल्या होत्या आणि कोणत्या ते लिहून दिलं होतं: एक क्वेंका शहरातली साधी, रोज घालायला. दुसरी मोंतेक्रिस्ती गावची, परवडेल तेवढी बारीक विणीची. पठ्ठ्यानं दोन्ही बरोबर आणल्या.

काडी दोन्हींची एकच, तोकिया. झाडाचं शास्त्रीय नाव कार्लुदोविका पाल्माता. दिसायला ताडासारखं, पण ताडाच्या कुळातलं नाही. स्पेनचा राजा चौथा कार्लोस आणि राणी मारिया लुइसा यांच्या नावांवरून वनस्पतीला हे नाव पडलं. पान उमलायच्या आधी कोवळा कोंब कापतात, कडेचे जाड भाग काढून टाकतात, मधल्या पट्ट्या चिरतात, उकळत्या पाण्यातून काढतात आणि वाळत घालतात. वाळताना पट्टी स्वतःभोवती वळून गोल काडी होते. पुढे गंधकाची धुरी देऊन उजळवतात. झाड किनाऱ्याकडचं. क्वेंका शहर डोंगरात, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरवर, तिथे ही काडी खालून न्यावी लागते आणि तिथलं विणकाम एकोणिसाव्या शतकातलं. मोंतेक्रिस्ती किनाऱ्याजवळ, मानाबी प्रांतात.

पनामाचा संबंध फक्त बाजाराचा. माल पनामाच्या संयोगभूमीवरून जगात जायचा. १८४९ च्या सुमारास सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेले लोक तिथूनच जात आणि टोपी घेऊन पुढे जात. १९०६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट कालव्याचं काम बघायला गेले, त्यांचे टोपीतले फोटो छापून आले आणि नाव कायमचं चिकटलं. मोंतेक्रिस्तीत जन्मलेले एलॉय आल्फारो पुढे इक्वेडोरचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्या घरचा धंदाही याच टोप्यांचा. इतिहास एवढाच पुरे, मला काडीत रस आहे.

१९ फेब्रुवारी

दिवसभर टोप्या उजेडाला धरून बसलो. कापसाच्या जिनिंग कारखान्यातली पिक ग्लास घरी आणली होती. ही घडीची छोटी काच, खाली बरोबर एक इंचाची चौकट, कापडाचे धागे मोजायला वापरतात.

क्वेंकाची: ‘ब्रिसा’ विणीची. वीण तिरप्या चौकटींची, सुटसुटीत, हलकी. इंचाला उभ्या काड्या ९, आडव्या ९.

मोंतेक्रिस्तीची: वीण माशाच्या काट्यासारखी. इंचाला उभ्या १६, आडव्या १४, म्हणजे चौरस इंचात २२४. मध्यम-बारीक म्हणावी अशी. सगळ्यात बारीक टोप्यांत हा आकडा हजाराच्या पलीकडे जातो, त्या आपल्या गल्लीतल्या नव्हेत. विक्रेते ‘ग्रेड १५’, ‘ग्रेड २०’ असं सांगतात, पण ग्रेडचा सर्वमान्य तक्ता नाही, ज्याचा त्याचा आपापला. तेव्हा ग्रेड ऐकून घ्यावी आणि काच लावून मोजावं.

माथा खिडकीसमोर धरला की मधोमध एक चक्र दिसतं. विणकाम तिथून सुरू होतं. घेर वाढवायला विणकर नव्या काड्या घालतो आणि प्रत्येक वेळी एक कडं उमटतं, त्याला तिकडे ‘व्हुएल्ता’ म्हणतात. माझ्या मोंतेक्रिस्तीवर अशी कडी सहज मोजता येतात. साधारणपणे कडी जास्त तितकी वीण बारीक. क्वेंकाच्या टोपीत अशी कडी शोधू नयेत, तिची वीण वेगळी.

मग कड. दोन्ही टोप्यांच्या काठाला शिवण नाही. काड्यांची टोकं उलटी आत विणून काठ बंद केला आहे आणि उरलेली कापली आहेत. काठ कापून त्यावर दोरा मारलेला असेल तर टोपी स्वस्तातली किंवा नंतर लहान केलेली समजावी. अधूनमधून एखादी तपकिरी काडी दिसते, तो दोष नाही. मला तर ती असलेली बरी वाटते.

८ मार्च

आर्द्रतेचा छोटा डिजिटल काटा विकत आणला. दुपारी तीनला बैठकीच्या खोलीत २१ टक्के. अजून होळी व्हायची आहे.

आता मुद्द्यावर येतो. माझी उभी हयात जिनिंगमध्ये कापसाची प्रत बघण्यात गेली. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत कपाशीचा ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या हिशेबात बघतात, बारावर गेला की माल घेत नाहीत. त्यामुळे शेतकऱ्याला वाटतं ओलावा म्हणजे खोट. पण जिनात उलटीही तक्रार असते. मार्च-एप्रिलमधला कापूस इतका कोरडा येतो की रोलरखाली तंतू तुटतो आणि लांबी पडते. म्हणून कोरड्या हवेत मालाला पाण्याची फवारणी देतात. तंतू वनस्पतीचा आहे, हवेतलं पाणी घेतो आणि हवेला परत देतो. तोकियाची काडी तशीच. हवेत ओल असली तर वाकते, नसली तर कडक होते आणि नेमकी घडीवर मोडते.

टोपी सांभाळण्याचे सल्ले वाचले. बहुतेकांत पाऊस, घाम, डाग यांवर भर. चोपड्यात ते दुय्यम. आमच्याकडे टोपी मरेल ती फेब्रुवारी ते जूनच्या सुक्या हवेनं.

२१ मार्च

जळगावच्या एका ओळखीच्यानं ऑनलाइन मागवलेली ‘अस्सल पनामा’ बघायला दिली. साडेतीन हजार. काडी खरी, हे कबूल. पण माथ्यावर लाखेसारखा कडक लेप इतका की टोपीवर टिचकी मारली तर टकटक वाजते. पुढच्या चिमटीत, म्हणजे माथा पुढून दोन्ही बाजूंनी दाबलेला असतो तिथे, दोन चिरा. लेप आकार टिकवायला देतात आणि थोडा असला तर चालतो, पण जाड लेपाखाली काडीला हवेतला ओलावा मिळत नाही आणि लेप स्वतः लवत नाही. विक्रेत्यानं चिरा ‘वापरामुळे’ म्हणून परत घ्यायला नकार दिला. टोपी खोक्यातून काढून एकदा डोक्यावर ठेवली होती, एवढाच तो वापर.

ऑनलाइन घ्यायचीच तर विक्रेत्याकडून हे फोटो मागावेत: माथा आतून, उजेडासमोर. काठ जवळून, नाण्यासोबत म्हणजे प्रमाण कळतं. आतला पट्टा उलटवून, कारण डागडुजी तिथे लपवतात. फोटो द्यायला टाळाटाळ केली की नमस्कार करावा.

माप: कपाळाच्या मध्याखालून आणि कानांच्या वरून टेप फिरवायची. माझं ५८ सेंटिमीटर. उन्हाळ्यात डोकं घामेजतं, म्हणून ५९ घेऊन पट्ट्याआड फोमची पातळ पट्टी लावणं मला जास्त सोयीचं वाटतं. घट्ट टोपी ओढून बसवावी लागते, आणि ओढायची म्हणजे काठाच्या मुळाशी ताण.

२ एप्रिल, शिरपूर

कामानिमित्त गेलो होतो. बाजारात एक बुरूड बाबा सूप विणत बसले होते. मोंतेक्रिस्ती डोक्यावर होती, ती काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पुढून पाहिलीच नाही. उलटी करून आतली वीण अंगठ्यानं चाचपली, काठावर नख फिरवलं, मग विचारलं, "कितला दिन लागतस?" मी सांगितलं, साधी टोपी एका दिवसात होते, अगदी बारीक असली तर आठ महिने. ते हसले नाहीत. बाजूच्या बादलीतल्या पाण्यात हात बुडवून त्यांनी बांबूच्या कामट्यांवर शिंतोडे मारले आणि म्हणाले, "वलं ऱ्हायनं ते वळी, सुकनं ते तुटी जाई."

तिकडचे विणकरही हेच करतात. ऊन तापायच्या आत पहाटे किंवा संध्याकाळी विणायला बसतात, बोटं ओली ठेवतात. मोंतेक्रिस्तीजवळच्या पिले गावात सगळ्यात बारीक टोप्या होतात आणि त्यांना ठरावीक हवामान लागतं, असं युनेस्कोच्या नोंदीतही आहे. हे विणकाम २०१२ मध्ये त्यांच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. विणकर उभ्या लाकडी ठोकळ्यावर छाती टेकवून, वाकून काम करतो. बाबा मांडी घालून बसले होते. पाठीची दशा दोन्हीकडे सारखीच होत असणार.

१४ एप्रिल

क्वेंकाची टोपी आता रोज बागेत. बाहेर ४१ अंश. उपरण्यापेक्षा मान जास्त झाकली जाते आणि विणीतून हवा खेळते. सालदार म्हणतो, "दादा, सायेब झाले तुम्ही." घरी आलं की आतला चामडी पट्टा बाहेर उलटवायचा आणि टोपी उताणी ठेवायची, म्हणजे माथा खाली, काठ वर. काठावर ठेवली तर काठ सपाट होतो. पट्टा ओल्या फडक्यानं पुसायचा, साबण नाही.

आणि टोपी काठाला दोन्ही हातांनी धरून काढायची, पुढच्या चिमटीला कधीच नाही. पहिली चीर तिथेच जाते. सिनेमात नट चिमटीत धरून टोपी उचलतात ते डोक्यातून काढून टाकावं लागतं.

२८ एप्रिल

बैठकीत १४ टक्के. कूलर चालू असलेल्या आतल्या खोलीत ५६.

उत्तर घरातच होतं. खान्देशात मेमध्ये घराघरात कूलर घुरघुरत असतो, गवताच्या ताट्यांतून पाणी गळत असतं, आणि त्या खोलीतली हवा तोकियाला मानवणारी असते. दोन्ही टोप्या तिथे हलवल्या. एक अट: झोतासमोर ठेवायच्या नाहीत. आमचं बोअरचं पाणी क्षारांचं, बारीक तुषार काडीवर सुकले की पांढरे ठिपके राहतात. कूलरच्या जाळीवर जी खपली चढते तीच टोपीवर चढते. म्हणून कूलरच्या विरुद्ध भिंतीला, कपाटाच्या वर, खोक्यात. खोक्याचं झाकण अर्धं उघडं, आत जुन्या धोतराचा मऊ तुकडा.

कागदी टोपी मुद्दाम बैठकीतच ठेवली. तिला काही फरक पडलेला नाही. मान्य करावं लागतं.

१० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

बहिणी माहेरी आल्या. अंगणातल्या निंबाला झोका, रसाचं जेवण, मागच्या खोलीत पुरुषांचे पत्ते. दुपारी भाचीच्या मुलानं मोंतेक्रिस्ती डोक्यावर घालून झोका घेतला आणि पडला. मुलाला काही झालं नाही. टोपीचा काठ मात्र एका बाजूला मुडपला, माथ्याला खोच. घरभर शांतता.

टोपी आदल्या रात्रीपासून कूलरच्या खोलीत होती, म्हणून काडी तुटली नाही, नुसती मुडपली. काच लावून सगळी वीण तपासली. तुटलेलं टोक एकही नाही. हीच टोपी बैठकीत पडून असती तर आज चीर नक्की होती.

दुरुस्ती संध्याकाळी, सगळे आपापल्या घरी गेल्यावर. पातेल्यात पाणी उकळलं. टोपी वाफेपासून वीतभर वर, फिरवत फिरवत, एका जागी काही क्षणांपेक्षा जास्त नाही. वाफ लागली की काडी हातात लगेच मऊ पडते आणि ओल्या गवताचा वास येतो. कागदी टोपीला हा वास कधीच येत नाही, ओळखायची ही आणखी एक खूण. खोच आतून बोटांच्या मागच्या बाजूनं सारली, नखं लागू न देता. चिमटीच्या घड्या पुन्हा पाडल्या नाहीत, त्या जागेवर फक्त वाफ दिली.

सुकवायला साचा हवा. कुंभाराकडचं लहान मडकं सापडलं, घेर ५७. पण मडकं गोल असतं आणि डोकं लांबट, नुसत्या मडक्यावर टोपी गोल होऊन बसते आणि मग कपाळाला टोचते. म्हणून पुढे-मागे फडक्याच्या घड्या लावून लांबटपणा आणला, घेर ५८ वर नेला आणि टोपी रात्रभर त्यावर. काठ मडक्याखालच्या पाटावर टेकू दिला नाही, मडकं दोन विटांवर उचललं. सकाळी काठ सरळ. नीट पाहिलं तर डावीकडे अजून हलकी लहर आहे, ती राहू दे.

२४ मे

४५ अंश. टोपी घालून बाहेर जाण्यात अर्थ नाही, बाहेर जाण्यातच अर्थ नाही. दुपारी लाइट गेली, कूलर बंद, दोन तासांत खोली ५६ वरून २९ वर. खोक्याशेजारी पाण्यानं भरलेलं उघडं घमेलं ठेवलं. लाइट येईपर्यंत ३५. हे कामचलाऊ आहे, पण चालून जातंय.

एकाला गाडीच्या डिक्कीत टोपी ठेवायची सवय आहे. त्याला फोन करून सांगितलं.

२९ जून

बागेतून येताना पाऊस लागला. क्वेंकाची टोपी चिंब. झटकायची नाही, पिळायची तर बातच नाही. पट्टा बाहेर काढला, मडक्यावर बसवली, सावलीत, पंख्यापासून लांब. उन्हात वाळवली की चामडी पट्टा आवळतो आणि टोपीचं माप घटतं. दुसऱ्या दिवशी जरा सैल वाटली, बाकी ठीक. पावसात तोकिया वापरूच नये असं काही नाही, पण ती छत्री नव्हे.

११ ऑगस्ट, कानबाईचा सण

घरात रोटाची गडबड, पाहुणे, सगळी खोकी माळ्यावर सरकवलेली. संध्याकाळी मोंतेक्रिस्ती खाली काढली तर पट्ट्याच्या आत करड्या बुरशीचे ठिपके. काटा ८३. उन्हाळ्यातली सगळी चिंता आता उलटी.

बुरशी कोरड्या मऊ ब्रशनं घराबाहेर झटकली, पट्टा ओलसर फडक्यानं पुसून पूर्ण सुकवला, काडीवर डाग नव्हता. खोकं पावसाळ्यापुरतं बाद. दोन्ही टोप्या भिंतीपासून हातभर दूर, मडक्यांवर, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात. प्लॅस्टिकची पिशवी कोणत्याही ऋतूत नको, आणि पावसाळ्यात तर मुळीच नको. काटा ४५ ते ६५ मध्ये असेल तर निश्चिंत, एवढं सूत्र आता पक्कं धरलं आहे.

२ सप्टेंबर, पोळा

बैलांबरोबर मिरवणुकीत क्वेंकाची टोपी. गुलाल पडला. कोरडा गुलाल कोरड्या ब्रशनं निघतो, पुसला की मुरतो. उजवीकडे गुलाबी छटा राहिली.

१३ ऑक्टोबर

दसरा काल झाला. सकाळी काटा ५१, दोन्ही टोप्या खोक्यात परत. खोक्यातच काटा ठेवला.

भाचा पुढच्या महिन्यात जहाजावर जाईल. त्याला नवी यादी: सुपरफिनो, म्हणजे अगदी बारीक विणीची, नको. तेवढे पैसे घालून ती चोपड्याच्या मेमध्ये सांभाळत बसायची हौस मला नाही. गुंडाळून लाकडी पेटीत मिळते तीही नको, गुंडाळलेली टोपी घडीच्या रेषेवर आधी थकते आणि आमच्याकडे ती लवकर थकेल. क्वेंकाची ब्रिसा अजून एक आण, ५९, नैसर्गिक रंगाची, लेप हलका, काठ उलटा विणलेला. साडूलाही पाहिजे, त्याचं माप ५६, पण त्याच्या घरी कूलर नाही, एसी आहे. एसी हवा सुकवतो. त्याला आधी काटा घ्यायला सांगितलंय, टोपी नंतर.